सर्व स्थितीत

बाप गेल्याबद्दल कुणी देवाचे आभार मानते काय? गेल्या दिवाळीत या एका प्रश्नाने माझा फराळ कडू केला होता.

लोणखेड्याच्या आमच्या वर्गात काही वर्षांपूर्वी नवापूरकडची एक मुलगी होती. मावची घरातली, ख्रिस्ती. नवापूर भागात अशी पुष्कळ कुटुंबे आहेत. पहिल्या वर्षी ती माझ्याकडे मराठी शिकली आणि मग नर्सिंगला निघून गेली. आज इंग्लंडात एका इस्पितळात परिचारिका आहे. दर दिवाळीला तिचा निरोप न चुकता येतो. गेल्या वर्षीचा असा होता : ‘सर, दिवाळीच्या शुभेच्छा. इथे आता लवकर अंधार पडतो. पावसाळ्यात बाबा गेले. रजा मिळून तिकीट हाती येईपर्यंत मातीही होऊन गेली. तरी सर्व स्थितीत देवाची उपकारस्तुती.’

मला राग आला. तिचा नव्हे, त्या शेवटच्या वाक्याचा. दुःखावर साखर पेरण्याचा हा कसला प्रकार? पण शब्द चघळत बसणे हा मराठीच्या मास्तरांचा जुना रोग आहे. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रातला तो उपदेश मी पुन्हा काढून पाहिला. तिथे ‘स्थितीत’ आहे, ‘स्थितीबद्दल’ नाही! सप्तमी ही अधिकरणाची विभक्ती. ‘पावसात गाणे म्हटले’ याचा अर्थ पावसाबद्दल गाणे म्हटले असा कोणी करीत नाही. आभार दुःखाचे मानायचे नाहीत, दुःखात उभे राहून मानायचे आहेत. जन्मभर विभक्त्या शिकविणाऱ्याच्या नजरेतून नेमकी हीच निसटली होती.

मग आठवण झाली ती पंडिता रमाबाईंची. त्याच मुलीच्या वर्गात मी त्यांच्यावर चांगले दोन तास बोललो होतो.

1883 साली रमाबाई इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांनी नुकती पंचविशी गाठली होती. दुष्काळाच्या वणवणीत आईवडील आणि थोरली बहीण गेली होती. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. बरोबर दोन वर्षांची मनोरमा. प्रवासखर्चाला आधार स्वतःच्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीचा. वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठाने त्यांना आसरा दिला. परंतु सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. डॉक्टर होण्याची रमाबाईंची आशा होती; कानांनी दगा दिला आणि तीही मावळली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

परक्या देशात, परक्याच्या अन्नावर, पदरी पोर. अशा वेळी कृतज्ञ माणसाने मान खाली घालून राहावे, अशी जगाची रीत आहे. रमाबाईंनी ऋण ओळखले आणि हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवून ते फेडूही लागल्या. पण मान खाली घातली नाही. मांसाहार केला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमच्या लोकांना कळणारे संस्कृत शब्द का नकोत, म्हणून वाद घातला. चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्या शिकत होत्या आणि शिकवीतही होत्या. त्यांनी पुरुषांना शिकवू नये असे बिशपांचे म्हणणे पडले, तेव्हा आपल्या विवेकावर दुसऱ्याची सत्ता चालणार नाही, हे त्यांनी पत्रांतून ठणकावून कळविले. कित्येकांना हा कृतघ्नपणा वाटला असेल. मला वाटते, खरे आभार लाचारीशी कधीच नांदत नाहीत.

11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. तो सोहळा पाहायला रमाबाई अमेरिकेला गेल्या. वर्ष पुरे व्हायच्या आत आनंदीबाई पुण्यात वारल्या. लहानग्या मनोरमेला परत इंग्लंडला धाडावे लागले. आणि याच दिवसांत त्या इंग्रजीत ग्रंथ लिहीत होत्या, गावोगाव व्याख्याने देत होत्या, हिंदी विधवांच्या शाळेसाठी बोस्टनमध्ये मंडळ उभे करीत होत्या. 1889 मध्ये परतून त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले, तेही 11 मार्चलाच. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींतली गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. आपले सगळे घर गिळणाऱ्या दुष्काळाचे आभार मानण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. पण त्यातून आपण वाचलो, याचे देणे त्यांनी पोरक्या पोरींच्या ताटात वाढले. 1921 साली मनोरमाही आईच्या आधी गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी डोळे मिटले, तोवर बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम काही त्यांनी सोडले नव्हते.

हे सगळे आठवून मी त्या मुलीला विचारले, ‘आभार नेमके कशाचे मानलेस?’ उत्तर दुसऱ्या दिवशी आले. ‘बाबा गेले त्या रात्री मी ड्यूटीवर होते. एक म्हातारी शेवटच्या घटका मोजीत होती. तिची मुलगी दूर देशी. मी तिचा हात धरून बसले. बाबांजवळही कुणीतरी असेच बसले असेल. त्या माणसाबद्दल उपकारस्तुती केली, सर.’

मी फोन खाली ठेवला. तिचे वडील आजारी असल्याचे मला उन्हाळ्यातच कळले होते. लोणखेड्याहून सकाळी निघाले तर दुपारी नवापुरास पोचता येते. परीक्षा झाल्यावर जाऊ, पाऊस सरल्यावर जाऊ, असे म्हणत मी गेलो नव्हतो. त्यांच्याजवळ बसलेला तो कुणीतरी मी नव्हतो.

भाऊबीज आटोपल्यावर फराळाचा डबा घेऊन एस.टी.ने नवापूर गाठले. तिची आई फारसे बोलली नाही. मुलीचा फोटो दाखवला, चहा केला. निघताना परसातला भोपळा माझ्या हाती दिला. ‘कशाला हो हे ओझे?’ मी म्हणालो. ‘रिकाम्या हाताने कसे जाल?’ ती म्हणाली.

तो भोपळा मांडीवर घेऊन मी लोणखेड्याला परतलो. पिशवीत ठेवावासा वाटला नाही.