विश्लेषण : लॉकडाऊन उठला, शोक मात्र अडकलेलाच… करोनाकाळातील मानसिक किमतीचा हिशेब कोण मांडणार?

लग्नाला ५० माणसे, अंत्यविधीला २०. मे २०२० मध्ये केंद्राच्या नियमावलीत हे दोन आकडे शेजारी शेजारी होते. करोनाने गेलेल्या अनेकांच्या वाट्याला तेवढी माणसेही आली नाहीत. मृतदेह रुग्णालयातून थेट स्मशानभूमीत गेला, घरचे विलगीकरणात होते आणि नातेवाईक व्हिडीओ कॉलवर. सरकारी नोंदींनुसार महाराष्ट्रात करोनाने सुमारे १ लाख ४८ हजार जणांचा मृत्यू झाला. खाटा किती कमी पडल्या, ऑक्सिजन किती लागला, लशी किती दिल्या याचा हिशेब झाला. मागे राहिलेल्यांच्या दुःखाचे पुढे काय झाले, याचा हिशेब मात्र राहून गेला. पुढच्या साथीची तयारी करताना तो मांडला नाही, तर तीच चूक पुन्हा होईल.

नेमके काय बंद झाले?

२२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर २१ दिवसांचा लॉकडाऊन लागू झाला. तो वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेला. लोकल, कारखाने, दुकाने, शाळा बंद झाल्या. याच्याबरोबर आणखी एक व्यवस्था बंद पडली, तिचे नाव कोणत्याही आदेशात नव्हते.

घरात कोणी गेले की शेजारी चहा-जेवणाचे बघतात. सुतकात लोक भेटायला येतात. दहाव्याला, तेराव्याला गोतावळा जमतो. गेलेल्या माणसाबद्दल तेच तेच पुन्हा बोलले जाते आणि त्या बोलण्यातूनच घर हळूहळू सावरते. यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही की पैसे लागत नाहीत. बहुतेक मराठी घरांसाठी मानसिक आधाराची हीच पहिली आणि अनेकदा एकमेव सोय असते. करोनाकाळात नेमकी तीच थांबली.

सुखदुःखाच्या मोठ्या जागाही बंद झाल्या. २०२० आणि २०२१ मध्ये आषाढी वारीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला न्याव्या लागल्या. २०२० मध्ये लालबागचा राजा मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला. हे निर्णय योग्यच होते. पण पारावरच्या गप्पा, चाळीतला कट्टा, बचत गटाची बैठक, भजनी मंडळ हे सगळे एकाच वेळी थांबले, तर माणसाने मन मोकळे करायचे कुठे, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्द चुकीचा संदेश देतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्च २०२० मध्येच लक्षात आले होते. त्याऐवजी ‘शारीरिक अंतर’ म्हणावे, असे संघटनेने सुचवले. आपल्याकडे मात्र ‘सामाजिक अंतर’ हाच शब्द फलकांवर आणि तोंडी रुळला. शरीराने लांब राहण्याची सूचना अनेक ठिकाणी माणसाला वाळीत टाकण्यापर्यंत गेली.

आकडे काय सांगतात?

साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य या विकारांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. ‘लॅन्सेट’मध्ये ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२० मध्ये साथीमुळे जगात तीव्र नैराश्याचे सुमारे ५.३ कोटी आणि चिंताविकाराचे सुमारे ७.६ कोटी जादा रुग्ण होते. महिला आणि तरुणांना त्याची झळ अधिक बसली.

भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या (एनसीआरबी) अहवालांनुसार २०१९ मध्ये १ लाख ३९ हजार १२३ आत्महत्यांची नोंद झाली. २०२० मध्ये हा आकडा १ लाख ५३ हजार ५२ आणि २०२१ मध्ये १ लाख ६४ हजार ३३ वर गेला. रोजंदारीवर काम करणाऱ्यांची संख्या २०१९ मध्ये ३२ हजार ५६३ होती, ती २०२१ मध्ये ४२ हजार ४ झाली. राज्यनिहाय यादीत महाराष्ट्र या काळात सर्वात वर होता. २०२१ मध्ये राज्यात २२ हजार २०७ जणांनी आयुष्य संपवले.

ही वाढ सगळी लॉकडाऊनमुळे झाली, असे म्हणणे घाईचे ठरेल. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते आणि निर्बंध उठल्यानंतर २०२२ मध्येही देशातील आकडा वाढलाच. पण रोजगार, कर्ज, आजारपण आणि एकटेपणा हे सगळे ताण एकाच वेळी वाढले आणि आधाराच्या जागा त्याच वेळी बंद झाल्या, एवढे निश्चित. शिवाय हे आकडे फक्त टोकाच्या घटनांचे आहेत. रात्र रात्र झोप न लागणारे, कामावरून मन उडालेले, कुणाशी न बोलणारे लोक कोणत्याच रकान्यात येत नाहीत.

शोक ‘अडकतो’ म्हणजे काय?

जवळचे माणूस गेल्यावर दुःख होणे हा आजार नाही. बहुतेक जण काळाबरोबर सावरतात. काहींच्या बाबतीत मात्र ते दुःख अनेक महिने तितक्याच तीव्रतेने राहते आणि रोजचे जगणे अवघड करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, याला दीर्घकालीन शोकविकार म्हणून स्वतंत्र स्थान आहे. हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले.

अचानक आलेला मृत्यू, शेवटची भेट न होणे आणि आधार देणारी माणसे जवळ नसणे यामुळे असा धोका वाढतो. करोनाकाळात हजारो घरांत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. त्यात अपराधीपणाची भर पडली. ‘संसर्ग माझ्यामुळे घरात आला का’, ‘दुसऱ्या रुग्णालयात नेले असते तर’ या प्रश्नांना उत्तर नसते. पण ते कुणाजवळ तरी बोलून दाखवावे लागतात.

सर्वांना सारखीच झळ बसली का?

नाही. ‘घरीच राहा’ हा सल्ला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये वेगळा आणि दहा बाय दहाच्या खोलीत वेगळा. धारावीत सुमारे दोन चौरस किलोमीटरच्या परिसरात लाखो लोक राहतात आणि अनेकांना सार्वजनिक शौचालयच वापरावे लागते. तिथे घरात राहणे म्हणजे काय, याचा विचार आदेश काढताना झाला नव्हता.

गावी निघालेल्या मजुरांसाठी तर घरच शेकडो किलोमीटरवर होते. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. ते जालन्याहून चालत निघाले होते.

अनेक महिलांना मारहाण करणाऱ्याबरोबरच चोवीस तास कोंडून राहावे लागले. फोनवर बोलणेही शक्य नाही, हे ओळखून राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिल २०२० रोजी तक्रारीसाठी व्हॉट्सअॅप क्रमांक सुरू केला.

राज्यातील पहिली ते चौथीच्या मुलांची शाळा मार्च २०२० ते डिसेंबर २०२१ पर्यंत प्रत्यक्ष भरलीच नाही. ‘असर’ अहवालानुसार, देशात दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. वाचन मोजता येते, म्हणून ते दिसले. मित्रांशी भांडणे, पुन्हा जुळवून घेणे, मैदानात हरणे हे त्या काळात किती राहून गेले, हे मोजायची पट्टी नाही.

मग लॉकडाऊन चुकीचा होता का?

लस नव्हती, विषाणू नवा होता आणि रुग्णालयांची क्षमता तोकडी होती. निर्बंध घालणे भाग होते. प्रश्न ते कसे घातले याचा आहे. किराणा, दूध, औषधे यांना अत्यावश्यक ठरवून वाट काढली गेली. मानसिक आधारासाठी तशी वाट शोधायला हवी होती. शेवटचे दर्शन सुरक्षित अंतरावरून कसे घेता येईल, अतिदक्षता विभागातील रुग्णाशी घरच्यांचे रोज बोलणे कोण करून देईल, याचे नियम बनवणे अशक्य नव्हते. काही डॉक्टर आणि परिचारिकांनी स्वतःच्या फोनवरून असे बोलणे घडवून आणले. ते त्यांचे मोठेपण होते. ती व्यवस्था असायला हवी होती.

सरकारने काय केले?

मदत झाली, ती प्रामुख्याने पैशांच्या रूपात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या कुटुंबीयांना ५० हजार रुपये मिळाले. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने ५ लाखांची मुदत ठेव, तर केंद्राने १० लाखांची योजना आणली. ही मदत गरजेचीच होती. मात्र ज्यांना ती मिळाली, त्यांच्याशी पुढे कोणी बोलले का, हे विचारण्याची सोय योजनेत असायला हवी होती.

ऑक्टोबर २०२२ मध्ये टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा सुरू झाली. ती चांगली आहे, पण तिथे फोन संकटातील माणसाने किंवा त्याच्या जवळच्यांनीच करायचा असतो. खचलेल्या माणसाला तेच सर्वात कठीण जाते. तज्ज्ञांची संख्याही अपुरी आहे. देशात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. किमान तीन हवेत, असे मानले जाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार बहुतेक मानसिक विकारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतच नव्हते. म्हणजे घर करोनाच्या आधीच गळत होते, पावसाने ते दाखवून दिले.

उपाय आहे का?

आहे आणि तो फार लांबही नाही. केरळमध्ये २०२० च्या सुरुवातीलाच जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील समुपदेशकांनी विलगीकरणातील लोकांना स्वतःहून फोन करायला सुरुवात केली. ‘तुम्ही एकटे नाही, आम्ही सोबत आहोत’ अशा अर्थाचे नाव त्या उपक्रमाला होते.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातलेच, तेही साथीच्या आधीचे. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प राबवला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी लोकांशी बोलायचे, गरज पडली तरच डॉक्टरकडे पाठवायचे, अशी पद्धत होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे साथ आली, तेव्हा नमुना हाताशी होता.

पुढच्या वेळी काय हवे?

पहिली गोष्ट, मृत्यूची नोंद झाली की त्या घरी ठरावीक दिवसांनी कुणीतरी जाईल किंवा फोन करेल, अशी तरतूद आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात हवी. दुसरी, आशा सेविकांना त्याचे प्रशिक्षण आणि त्या कामाचा वेगळा मोबदला हवा. सप्टेंबर २०२० च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके घरोघरी गेली. भर ताप, ऑक्सिजन आणि सहव्याधी यांवर होता. त्याच उंबऱ्यावर ‘झोप लागते का’ हा प्रश्नही विचारता येतो. तिसरी, अंत्यदर्शन आणि रुग्णाशी संपर्क हे हक्क मानून त्यांची सुरक्षित पद्धत आधीच ठरलेली हवी. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रत्येकाला उपचारांचा हक्क देतो. साथीत तो स्थगित होत नाही.

आणि एक गोष्ट सरकारशिवायही होऊ शकते. २०२० किंवा २०२१ मध्ये ज्यांच्या घरी भेटायला जाणे राहून गेले, अशी एखादी तरी ओळख प्रत्येकाच्या फोनमध्ये असते. आता उशीर झाला, असे वाटून तो फोन टाळला जातो. अडकलेल्या शोकाला मात्र उशिरा आलेला माणूसही चालतो.

(स्वतःला किंवा जवळच्या कुणाला मानसिक त्रास होत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी संपर्क साधता येतो.)