बुब्काचे एकच सुवर्णपदक

खेळाडूची थोरवी ऑलिंपिकच्या सुवर्णपदकांवरून मोजावयाची म्हटले, तर बांबूउडीपटू सर्गेई बुब्का याच्या खाती एकच पदक जमा धरावे लागेल. प्रथम सोव्हिएत संघाकडून व पुढे युक्रेनकडून खेळणाऱ्या या वीराने ३५ जागतिक विक्रम केले. १९८३ ते १९९७ या काळात लागोपाठ सहा वेळा जगज्जेतेपद मिळविले. १३ जुलै १९८५ रोजी पॅरिस येथे ६ मीटरची उंची मानवाने प्रथमच ओलांडली, तीही त्याच्याच रूपाने. तरीही ऑलिंपिकचे सुवर्ण एकदाच!

या विसंगतीचा काही दोष दैवाकडे जातो. सेऊल येथे १९८८ साली तिसऱ्या व अखेरच्या प्रयत्नात ५.९० मीटर ओलांडून त्याने पदक राखले. १९९२ साली बार्सिलोनात मात्र त्यास एकही उंची साधली नाही. १९९६ साली टाचेच्या दुखापतीने त्यास मैदानाबाहेर बसविले. २००० साली सिडनीतही पदरी निराशाच आली. हे खेळात चालावयाचेच. त्याबद्दल कोणास बोल लावता येणार नाही.

परंतु १९८४ चे काय? त्या वर्षी जुलैत या वीस वर्षांच्या तरुणाने ५.९० मीटरचा जागतिक विक्रम केला. पुढच्याच महिन्यात लॉस एंजेलिस येथे सुवर्णपदक मिळाले ते ५.७५ मीटरला. बुब्का तेथे नव्हता. त्याच्या सरकारने स्पर्धेवर बहिष्कार टाकला होता. १९८० साली अमेरिकेने मॉस्कोवर टाकलेल्या बहिष्काराचेच ते उट्टे होते.

बहिष्काराचे शस्त्र कधीच उपसू नये, असे आम्ही म्हणत नाही. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेस क्रीडांगणाबाहेर ठेवणे न्याय्यच होते; कारण तेथे अन्याय खुद्द संघनिवडीतच शिरला होता. पण मॉस्कोवरील बहिष्काराने सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून हलल्या नाहीत. त्या परतल्या १९८९ साली. लॉस एंजेलिसवरील बहिष्काराने तर कोणाचेच हित साधले नाही. रुसवे राजधान्यांचे, दंड मात्र खेळाडूंनी भरला.

परीक्षेस बसूच न दिलेल्या विद्यार्थ्यास कोणी अनुत्तीर्ण म्हणत नाही. पदकांचे तक्ते मात्र एवढाही विवेक करीत नाहीत. बुब्काने जगास निदान विक्रमांनी उत्तर दिले. १९९४ साली मोकळ्या मैदानात त्याने ओलांडलेली ६.१४ मीटरची उंची २०२० पर्यंत अजिंक्य राहिली. परंतु ज्यांना ऐन उमेदीत ती एकच संधी होती, त्यांची नावे आज कोणास ठाऊक आहेत? बहिष्काराची घोषणा करण्यापूर्वी राज्यकर्त्यांनी या अनामिकांचे स्मरण करावे, एवढेच आमचे सांगणे आहे.