दिवसाला एकच ओढणाऱ्यांसाठी तातडीचे आवाहन

हे आवाहन पाकिटावर पाकीट संपवणाऱ्यांसाठी नाही. त्यांना घरचे सांगतात, डॉक्टर सांगतात, पहाटेचा खोकला तर रोज उठवून सांगतो. हे आहे तुमच्यासाठी. दुपारी चारला ऑफिसातून खाली उतरून टपरीवर ‘एक कटिंग, एक सुटी’ म्हणणाऱ्यांसाठी. तुम्ही स्वतःला सिगारेट ओढणारे मानतच नाही. विम्याच्या अर्जावर धूम्रपानाच्या रकान्यात बिनदिक्कत ‘नाही’ लिहिता.

तुमच्या मनातला हिशेब सरळ आहे: वीस ओढणाऱ्याच्या तुलनेत एक ओढणाऱ्याला विसाव्या हिश्शाचा धोका. फुप्फुसाच्या कर्करोगापुरता हा हिशेब फार चुकत नाही. हृदयापुरता मात्र तो साफ चुकतो. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दिवसाला वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा धोका जेवढा वाढतो, त्यातली जवळपास निम्मी वाढ दिवसाला एकाच सिगारेटीने होते, असे त्यात आढळले. पक्षाघाताचेही थोडेफार तसेच. कारण रक्तवाहिनीचे आतले अस्तर बिघडायला आणि रक्तातल्या बिंबिका चिकट होऊन गुठळी जमायला धूर फार लागतच नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे हिमोग्लोबिनला धरून बसतो. सुरुवातीच्या थोड्या धुरातच मोठे नुकसान होऊन जाते. पुढच्या सिगारेटी त्यात भर घालतात. म्हणून ‘वीसवरून दोनवर आणली’ याचे कौतुक जरूर करावे, पण हृदय त्या आकड्याने निर्धास्त होत नाही.

आणखी एका आजाराचे नाव ऐकून ठेवा: बर्गर्स डिसीज. जाहिरातींतल्या काळ्या फुप्फुसांमागे हा झाकला जातो. तो मुख्यतः पंचेचाळिशीच्या आतल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना गाठतो आणि भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो. चालताना तळपायात कळ येते, वाटते चप्पल चावत असेल. मग रात्री झोपेतही पाय ठणकतो. अंगठ्याला झालेली जखम भरत नाही, बोट काळे पडते, आणि काही रुग्णांच्या बाबतीत बोट, पाऊल, पाय कापण्याचे सत्र सुरू होते. त्याला आटोक्यात ठेवणारा एकच खात्रीचा उपाय आहे, तंबाखू पूर्ण बंद. दिवसाला एक-दोन चालू ठेवल्या तरी हा आजार धगधगत राहतो. ऐन कमावत्या वयातल्या माणसाचा पाय जातो, आणि कारण काय, तर एवढेसे!

आता टपरीकडे वळू. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने भरलेला असतो आणि त्यावर व्यसनमुक्तीचा फोन क्रमांकही छापलेला असतो. सुटी घेणाऱ्याला ते पाकीट दिसतच नाही. हातात येते फक्त कांडी आणि दोरीला टांगलेला लायटर. खिशात दहा-वीस रुपये असलेल्या कॉलेजच्या पोराचीही सुरुवात या सुट्यानेच होते. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. ती किती पाळली जाते हे कोणत्याही नाक्यावर उभे राहून पाहा. टपरीवाल्या दादांनो, तुमच्या पोटावर पाय देण्याची इच्छा नाही, पण निदान गणवेशातल्या, मिसरूडही न फुटलेल्या पोरांना तरी ‘नाही’ म्हणा. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे हा गुन्हाच आहे.

आणि सोडताना मावा किंवा मिश्रीकडे वळू नका. महाराष्ट्रात ती वाट फार मळलेली आहे, आणि ती तोंडाच्या कर्करोगाकडे जाते.

सोडणे तुम्हाला जमेल, पाकीटवाल्यांपेक्षा लवकर जमेल. तल्लफ बहुधा पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ टपरीपासून लांब काढा. चहा ऑफिसातच मागवा, किंवा सिगारेट न ओढणाऱ्या मित्राबरोबर प्या. पहिला आठवडा चिडचिडीचा जाईल. घरच्यांनी तो सांभाळून घ्यावा, टोमणे मारू नयेत. गरज वाटली तर डॉक्टरांना विचारून निकोटीनचे च्युइंगगम घ्या. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा केल्यावर दिसले की सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी जातात, पण चाळिसाव्या वर्षी सोडली तर त्यातली नऊ वर्षे परत मिळतात. तिसाव्या वर्षी सोडली तर जवळजवळ सगळीच.

छातीत दडपण, चालताना पोटरीत गोळा किंवा न भरणारी जखम असेल, तर अॅसिडिटी आहे, थकवा आहे असे म्हणत बसू नका. डॉक्टरांना गाठा आणि ‘रोज एक ओढतो’ हे न लपवता सांगा. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर पाकिटावरचा तो राष्ट्रीय क्रमांक १८००-११-२३५६ आहे, फोन मोफत आहे. आज चारच्या आत लावा.