हेडफोन कंपन्यांना तुमच्या कानाचा फोटो कशाला हवाय?

नवे हेडफोन फोनला जोडले की हल्ली काही ॲप एक वेगळीच मागणी करतात. आधी चेहरा दाखवा, मग उजवा कान, मग डावा. ॲपलने २०२२ मध्ये आयओएस १६ सोबत ही सोय आयफोनवर आणली. सोनीचं ॲप तर त्याआधीपासूनच कानांचे फोटो मागत होतं.

फोटो दिलात तर आवाज खास तुमच्या कानांसाठी घडवला जाईल, असं कंपन्या सांगतात. यात तथ्य किती? आणि त्या बदल्यात आपण काय देतो?

दिशा कशी कळते?

डोळे मिटून बसलात तरी कुकरची शिट्टी कुठून आली, हे कळतं. आवाज उजवीकडून आला तर उजव्या कानात तो क्षणभर आधी पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. शिवाय डोक्याच्या आडोशामुळे डाव्या कानात आवाज थोडा मंद होतो.

पण आवाज समोरून आला की मागून? वरून की खालून? अशा वेळी दोन्ही कानांत फारसा फरक पडत नाही. तिथे उपयोगी पडतात कानाच्या बाहेरच्या भागातल्या वळ्या आणि खळगे. दिशेनुसार ते काही सूर दाबतात, काही उठावदार करतात. या बदलांच्या गणिती नोंदीला 'हेड रिलेटेड ट्रान्सफर फंक्शन', म्हणजेच एचआरटीएफ म्हणतात. कानांची ठेवण प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे ही नोंदही वेगळी.

ॲम्बिसॉनिक म्हणजे काय?

स्टिरिओमध्ये डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी एकेक चॅनेल असतं. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये मायकेल गर्झन आणि इतर संशोधकांनी वेगळा विचार केला. स्पीकरचा हिशोब बाजूला ठेवून एका जागी चहूबाजूंनी येणारा आवाजच साठवायचा. हेच ॲम्बिसॉनिक.

त्याच्या सर्वांत साध्या प्रकारात चार चॅनेल असतात. एकात सगळीकडचा आवाज, उरलेल्या तिघांत पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली यांची माहिती. तिसऱ्या श्रेणीत हीच संख्या १६ होते आणि दिशा अधिक रेखीव होते. यूट्यूबवरच्या ३६० अंशांच्या व्हिडिओंमध्ये आणि व्हीआरमध्ये हे तंत्र वापरलं जातं.

हेडफोनमध्ये तो येतो कसा?

तुमच्याभोवती अदृश्य स्पीकर मांडले आहेत, अशी कल्पना सॉफ्टवेअर करतं. प्रत्येक स्पीकरचा आवाज एचआरटीएफच्या गाळणीतून जातो आणि शेवटी दोन कानांसाठी दोनच आवाज उरतात. तुम्ही मान वळवली की सॉफ्टवेअर सगळा आवाज उलट दिशेने फिरवतं, त्यामुळे गाणारी व्यक्ती जागच्या जागी राहते.

आता गाळणी कुणाच्या कानाची, हा प्रश्न येतो. साधारणपणे ती एखाद्या पुतळ्याच्या डोक्यावर मोजलेली किंवा अनेकांची सरासरी असते. ती तुम्हाला जुळली नाही तर समोरचा आवाज मागून आल्यासारखा किंवा डोक्यातच घुमल्यासारखा वाटतो.

स्वतःच्या कानाचा फायदा किती?

फायदा खरा आहे, पण सगळीकडे सारखा नाही. कानाच्या वळ्यांची करामत मुख्यतः चार-पाच हजार हर्ट्झच्या पुढच्या सुरांवर चालते. चार चॅनेलच्या ॲम्बिसॉनिकमध्ये मात्र दिशेची काटेकोर माहिती साधारण ७०० हर्ट्झपर्यंतच टिकते. मूळ चित्रच धूसर असेल, तर नंबर बरोबर असलेल्या चष्म्याने फार फरक पडत नाही. जास्त चॅनेलच्या आवाजात फायदा अधिक जाणवतो.

शिवाय मेंदू शिकतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच प्रयोगात काही जणांच्या कानांत साचे बसवून त्यांचा आकार बदलला. आवाज वरून येतो की खालून, हे त्यांना लगेच कळेनासं झालं. काही आठवड्यांत मात्र ते नव्या कानांना सरावले.

या माहितीवर हक्क कुणाचा?

कानाच्या आकारावरून माणूस ओळखता येतो. पासवर्ड बदलता येतो, कान नाही. त्यामुळे फोटोचं पुढे काय होतं, हे महत्त्वाचं. ॲपल सांगतं की प्रक्रिया फोनवरच होते आणि फोटो साठवले जात नाहीत. प्रत्येक ॲपचं धोरण असंच असेल असं नाही.

दुसरा मुद्दा अडकून पडण्याचा. एचआरटीएफ साठवण्यासाठी 'सोफा' नावाचं खुलं स्वरूप आहे आणि २०१५ मध्ये ते अधिकृत मानकही झालं. तरीही कंपन्यांची प्रोफाइल सहसा त्यांच्याच उत्पादनांपुरती चालतात. युरोपच्या कायद्यात आपण दिलेला डेटा दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो नाही. माहिती खोडून टाकायला सांगण्याचा हक्क मात्र या कायद्यात दिला आहे.

म्हणून कॅमेरा कानासमोर धरण्याआधी तीन गोष्टी तपासा. फोटो फोनवरच राहतो की सर्व्हरवर जातो? तो किती दिवस ठेवतात? प्रोफाइल पुसता येतं का? उत्तरं सापडली नाहीत तर सरासरी कानावर भागवा. गाणी तशीही ऐकू येतील.