कमळ बसते, घड्याळ बसत नाही

शिरूर-चौफुला रस्त्यावर न्हावऱ्याच्या चौकात थोडा वेळ थांबले की फ्लेक्स कसा वाचायचा हे कुणालाही कळते. मजकूर कुणी वाचत नाही. वरच्या गोलात कोण आहे, दादांचा फोटो साहेबांच्या फोटोपेक्षा मोठा झाला का, उपसरपंचाचे नाव सरपंचाच्या आधी कसे आले आणि गेल्या वर्षी कडेला हसणारा चेहरा यंदा कुठे गेला, एवढेच बघायचे असते. शुभेच्छांचा मजकूर सगळ्यांना पाठ, तो वाचायचा कशाला? राजकारणात टिकायचे तर हे वाचन यावेच लागते आणि आमच्या भागातल्या पुढाऱ्यांना ते झकास येते. पंचाईत होते ती हेच डोळे घेऊन ते शाळेच्या पुस्तकाकडे वळतात तेव्हा.

2020 च्या जुलैमधली गोष्ट घ्या. टाळेबंदीमुळे शाळा बंद होत्या, पोरे घरातल्या एका मोबाईलसाठी भांडत होती. तेवढ्यात आठवीच्या मराठीच्या पुस्तकातल्या एका धड्यावरून गदारोळ उठला. यदुनाथ थत्त्यांचा ‘माझ्या देशावर माझे प्रेम आहे’ हा तो धडा. त्यात फासावर गेलेल्यांची नावे एका ओळीत येतात : भगतसिंग, राजगुरू आणि कुर्बान हुसेन. तिसऱ्या जागी सुखदेव का नाही, असा सवाल झाला. सवाल इथवर रास्त होता. पण लगेच त्याचे रूप पालटले. सुखदेवांना काढून तिथे कुर्बान हुसेन घुसवला, असा आरोप सुरू झाला. काही संघटनांनी आवाज उठवला, पुढाऱ्यांनी तो उचलून धरला, आणि हे कुर्बान हुसेन कोण, असे जाहीरपणे विचारले जाऊ लागले. सरकार महाविकास आघाडीचे, शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड. तेव्हा उत्तर त्यांनीच द्यायचे, असा एकंदर सूर होता.

सोलापूरकरांना हा प्रश्न ऐकून काय वाटले असेल! मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटले आणि इंग्रजांनी तिथे मार्शल लॉ लावला. पुढे खटला उभा राहिला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. कुर्बान हुसेन तेव्हा विशीतला पोरगा होता. गिरणी कामगारांत काम करायचा, ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवायचा. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव लाहोरला फासावर गेले ते त्याच वर्षी 23 मार्चला, म्हणजे यांच्यानंतर दहा आठवड्यांनी. सोलापुरात या चौघांचे पुतळे भर चौकात उभे आहेत. आमच्याकडून दौंडला गाडी धरली की अर्ध्या दिवसात सोलापूर. बघायला कुणी अडवलेले नव्हते.

गंमत पुढेच आहे. आठवीचे हे पुस्तक 2018 चे. तेव्हा सरकार युतीचे होते, शिक्षणमंत्री विनोद तावडे. दोन वर्षे हा धडा वर्गावर्गांत शिकवला गेला, पोरांनी त्यावर स्वाध्याय सोडवले, परीक्षा दिल्या, आणि 2020 मध्ये आरोप करणाऱ्यांपैकी एकालाही त्यात काही खटकले नव्हते. शेवटी बालभारतीने खुलासा केला की धडा थत्त्यांच्या ‘प्रतिज्ञा’ या पुस्तकातून जसाच्या तसा घेतला आहे. म्हणजे ज्याने नाव ‘घुसवले’ म्हणायचे, त्या लेखकाला जाऊन वीसहून अधिक वर्षे लोटलेली! हा माणूस साने गुरुजींच्या मुशीतला, सेवा दलाचा, आणि कितीतरी वर्षे ‘साधना’ साप्ताहिकाचा संपादक. त्याने सुखदेवांचे नाव कुणाच्या इशाऱ्यावरून गाळले असेल, ही कल्पना करायलाही विशेष प्रकारची प्रतिभा लागते.

मला सगळ्यात लागले ते वेगळेच. धडा कशावर आहे, हे त्या सगळ्या चर्चेत कुणीच विचारले नाही. प्रतिज्ञेतल्या एका वाक्यावर तो उभा आहे, हे शीर्षकावरूनच कळते. रोज सकाळी झेडपीच्या शाळेच्या पटांगणात हात पुढे करून पोरे जी प्रतिज्ञा म्हणतात, ती पायडिमर्री वेंकट सुब्बाराव नावाच्या आंध्रातल्या एका सरकारी नोकराने 1962 मध्ये तेलुगूत लिहिली. तिचा अर्थ मराठी पोरांना उलगडून सांगण्यासाठी थत्त्यांनी पुस्तक लिहिले, आणि त्यात महाराष्ट्रातल्याच पण महाराष्ट्र विसरलेल्या एका हुतात्म्याचे नाव घेतले. एवढा ऐवज समोर पडलेला असताना आमच्या पुढाऱ्यांनी काय वाचले? कोण आहे आणि कोण नाही, एवढेच.

राजगुरू खेडचे. खेड तालुका आमच्या शिवेला लागून, लोकसभेचा मतदारसंघही एकच. 24 ऑगस्टला त्यांच्या जयंतीचे फ्लेक्स आमच्याकडेही लागतात. त्यांच्या ओळीत शेजारी कोण बसला आहे, याचे कुतूहल सगळ्यात आधी आम्हाला वाटायला हवे होते. वर्गात एखाद्या पोरीने हात वर करून “बाई, सुखदेव कुठे आहेत?” असे विचारले असते, तर बाईंना लाहोर आणि येरवडा दोन्ही सांगता आले असते आणि तो तास सोन्याचा झाला असता. विधानभवनाबाहेर माईकसमोर तोच प्रश्न विचारला की त्याची राळ उडते.

त्याच्या आदल्या वर्षी, जून 2019 मध्ये, विधानसभेत पुस्तकांवरून जी जुगलबंदी रंगली ती मात्र मी अजूनही आठवून हसतो. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात जोडनावांच्या जोडीने ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची सोपी पद्धतही दिली होती. अजित पवार विरोधी बाकांवर. त्यांनी विचारले, मग मुख्यमंत्र्यांना आता ‘फडण दोन शून्य’ म्हणायचे का? सभागृह हसले. देवेंद्र फडणवीसही काही कमी नाहीत. त्यांनी वाचनपाठातली वाक्ये काढून दाखवली : छगनला कमळ बघायला सांगणारे, हसनला पटकन उठवणारे, शरदला गवत आणायला धाडणारे. समोर भुजबळ, मुश्रीफ असताना आणि पवारांचा पक्ष ऐकत असताना ही वाक्ये कुठे जाऊन बसली असतील ते सांगायला नको. पुन्हा हशा.

हजरजबाबीपणाला दाद दिलीच पाहिजे. पण पहिलीला शिकवणाऱ्या कोणत्याही बाईंना विचारा, ही नावे तिथे का आली ते त्या एका वाक्यात सांगतील. सुरुवातीच्या पाठांत काना नको, मात्रा नको, वेलांटी-उकार नको, जोडाक्षर तर नकोच. अशा शब्दांत छगन बसतो, हसन बसतो, शरद बसतो. अजित बसत नाही, वेलांटी आडवी येते. देवेंद्रही बसत नाही, आणि उद्धवचे तर नावच काढायला नको. कमळ अलगद बसते, घड्याळ बसत नाही, धनुष्यबाण तर दुसरीच्या आधी कुणी हातात धरू नये. साध्या अक्षरओळखीचा हा हिशेब. विनोदासाठी का होईना, तो सभागृहात वाचला गेला तो फ्लेक्ससारखाच : कोणाचे नाव, कोणाचे चिन्ह.

त्या हशात ज्यांचे म्हणणे बुडाले त्या डॉ. मंगला नारळीकर. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा, स्वतः गणिती. त्यांचे म्हणणे असे की मराठीत आपण बावन्न म्हणताना दोन आधी उच्चारतो आणि लिहिताना पाच आधी लिहितो. लहान पोरे यात गोंधळतात, बावन्नचे पंचवीस करून ठेवतात. कानडीत, तेलुगूत दशक आधी येतो. म्हणून जुन्या पद्धतीच्या जोडीने ही पद्धतही द्यावी. याला उत्तर देता आले असते. घरात आजी एकसष्ट म्हणते आणि शाळेत साठ एक, मग पोराने बाजारात कोणते म्हणायचे, असे मला विचाराल तर मी अजितदादांच्या बाजूचा. शेकडा मोजताना जोडनावे जिभेवर असलेली बरी. पण ही चर्चा व्हायला निदान ते पुस्तक उघडायला हवे होते. मंगलाबाई 2023 मध्ये गेल्या. ज्यांनी एकमेकांना त्या दिवशी चिमटे काढले ते दोघेही मधल्या काळात एकाच सरकारात जाऊन बसले. दुसरीच्या पोरांचे काय झाले याची चौकशी कुणी केल्याचे ऐकिवात नाही.

वाचायचे नाही पण बोलायचे, हे एकाच पक्षाचे वैशिष्ट्य मानू नका. 2010 मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून काढली गेली. तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या आदित्य ठाकरे यांनी ती मागणी केली होती, कारण कादंबरीतली पात्रे शिवसेनेला शिव्या घालतात. विद्यापीठाच्या दारात प्रती जळाल्या, कुलगुरू राजन वेळूकर यांनी तातडीचे अधिकार वापरून पुस्तक हटवले. मुख्यमंत्री काँग्रेसचे, अशोक चव्हाण. त्यांना सेनेला अडचणीत आणायची आयती संधी होती. त्यांनीही काही परिच्छेद पाहिल्याचे सांगत भाषा आक्षेपार्ह असल्याचा निर्वाळा दिला. कादंबरीतल्या पात्राचे बोलणे म्हणजे लेखकाचा ठराव नव्हे, हे दहावीच्या पोराला रसग्रहणात लिहावे लागते. ते न लिहिल्याबद्दल मुख्यमंत्र्यांचे गुण मात्र कापले जात नाहीत.

मे 2024 मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात मनुस्मृतीतला एक श्लोक उद्धृत झाला म्हणून जितेंद्र आव्हाड महाडला गेले. आक्षेपाला आधार होता, 1927 चा इतिहास पाठीशी होता. पण मनुस्मृती फाडण्याच्या भरात बाबासाहेबांचा फोटो असलेले पोस्टरच फाटले, आणि पुढचे कितीतरी दिवस चर्चा राहिली ती फोटोची. आव्हाडांनी माफी मागितली, विरोधकांनी आंदोलने केली. त्या जाडजूड आराखड्यात मुलांनी काय वाचावे, किती वाचावे, कोणत्या भाषेत वाचावे, यावर बोलायला कुणाला सवडच उरली नाही.

हे आपल्याकडेच चालते असे वाटून खाली मान घालायचे कारण नाही. 2023 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका पालकाने अमांडा गॉर्मन या तरुण कवयित्रीच्या कवितेविरुद्ध शाळेकडे तक्रार केली. बायडन यांच्या शपथविधीला वाचली गेलेली ती कविता. तक्रारीच्या अर्जात कवयित्री म्हणून नाव लिहिले होते ओप्रा विन्फ्रे यांचे! आणि शाळेने त्या अर्जावरून पुस्तक लहान मुलांच्या कपाटातून हलवलेही.

अशा वेळी कुणीतरी आचार्य अत्र्यांची आठवण काढतोच. अत्रे दौंडच्या शेजारच्या पुरंदरचे, कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक, ‘नवयुग वाचनमाला’ स्वतः तयार करणारे, आणि पुढे विधानसभेत बसलेले. त्यांची जीभ आजच्या कुणाहीपेक्षा तिखट होती. पण कवीची टर उडवायची तर आधी त्याची कविता पाठ हवी, हे ‘झेंडूची फुले’ लिहिणाऱ्याला माहीत होते. न वाचता टर उडवता येते हा शोध नंतरचा.

याचा परिणाम वर्गात दिसतो, सभागृहात दिसत नाही. बालभारतीच्या समितीवर बसलेल्या एखाद्या शिक्षकाच्या जागी स्वतःला बसवून बघा. समोर दोन उतारे आहेत. एकात रग आहे, बोलीतली शिवी आहे, कुणाचे तरी नाव आहे. दुसऱ्यात पाऊस, मोर आणि पाणी वाचवा. कोणता निवडाल? माझ्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी म्हणतात, “नावं नसलेला धडा बरा. कुणाचं राहिलं म्हणून कुणी येत नाही.” मला त्यांचा राग येत नाही. चाळीस वर्षे त्यांनी तालुक्याचे राजकारण सोसले आहे.

आमच्या इनामगावालाही पुस्तकात जागा आहे. अकरावीच्या इतिहासात ताम्रपाषाणयुगाच्या प्रकरणात गावाचे नाव येते. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी घोड नदीच्या काठावर इथे खणले, आणि तीन हजार वर्षांपूर्वीचे अख्खे गाव वर आले. त्यात पाच खोल्यांचे एक घर सापडले. ते गावच्या म्होरक्याचे असावे असे अभ्यासक म्हणतात, आणि धान्याचे कोठार नेमके त्याच घराला लागून. नदीचे पाणी वळवून आणलेला पाटही सापडला. पाणी आणि कोठार म्होरक्याच्या हाताशी, हे वाचून आमच्याकडे कुणालाच नवल वाटत नाही.

पण त्या उत्खननाच्या अहवालात पुढेही बरेच आहे. इनामगावचे लोक मृतांना घराच्या जमिनीखाली पुरत, आणि पुरण्याआधी प्रौढांची पावले घोट्यापासून तोडत. भूत होऊन परत येऊ नये म्हणून, असा तर्क आहे. देवीची जी मूर्ती मातीच्या डबीवर सापडली, तिला डोके नाही. आता हे कुणी फ्लेक्ससारखे वाचले, तर गावाची बदनामी, पूर्वजांचा अपमान, देवीची विटंबना असे तीन मोर्चे एका उताऱ्यातून सहज निघतील. अजून कुणाची नजर तिकडे गेलेली नाही. हाडांवरून हे लोक काय काय खात होते, त्याचीही यादी अहवालात दिलेली आहे. ती मी या सदरात देत नाही. निवडणुका तोंडावर आहेत.