इंग्रजीच्या तासाला मराठी

इंग्रजीच्या तासाला शिक्षकांनी मराठीत बोलावे काय? बोलू नये, असे पुष्कळांचे मत आहे. मला ते पटत नाही.

मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग. ‘मला भूक लागली’ यात कर्ता ‘भूक’ आहे. ‘आय अ‍ॅम हंग्री’ म्हणताना मात्र ‘मी’च कर्ता होतो! आपला विद्यार्थी नेमका कोठे अडखळतो, हे दोन्ही भाषा जाणणाऱ्या शिक्षकालाच कळते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना याच वाटेने इंग्रजी शिकविले.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. परंतु ज्यांच्या घरी ती भाषा कोणीच बोलत नाही, त्यांना वर्गाखेरीज ती भेटणार कोठे? म्हणून सगळा तास मराठीत जाऊ नये, हेही तितकेच खरे. आधी मराठीत उलगडा, मग इंग्रजीत भरपूर सराव, हाच योग्य क्रम होय.

यात शिक्षकाला दुप्पट कष्ट पडतात. अशा शिक्षकांना ‘कच्चे’ म्हणून हसणे हा शुद्ध कृतघ्नपणा आहे. प्रश्न विचारण्याचे धैर्य आम्हांला त्यांच्याच मराठीने दिले!