अम्मींच्या पानावरचा उजेड

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लातूरला आपांच्या नव्या घरी कुरआनख्वानी होती. आपा म्हणजे माझी मोठी नणंद. नांदेडहून आम्ही सगळे गेलो होतो. घर माशाअल्लाह सुरेख झालंय. खाली दुकान, वर राहणं. हॉलच्या छताला दोन लांब काळ्या पट्ट्या आणि त्या पट्ट्यांवर बारा दिवे, सगळे भिंतींकडे तोंड करून. काही सोफ्यामागच्या टाइल्सवर, काही काचेच्या शोकेसवर, दोन आयतुल कुर्सीच्या फ्रेमवर. आलेल्या बायका मान वर करून बघत होत्या, फोटो काढत होत्या. याला ट्रॅक लाइट म्हणतात, हे बहुतेकींना ठाऊक होतं. उरलेल्यांना आपांनी कौतुकानं सांगितलं.

पारे वाटले गेले. अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आपला पारा उघडला. चष्मा काढून ओढणीनं पुसला, पुन्हा लावला. पान जवळ धरलं, लांब धरलं. थोड्या वेळानं त्या हळूच उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. तिथं ओट्यावर साधी ट्यूब होती. तिच्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी पारा पूर्ण केला. आपा धावत मागे गेल्या, "अम्मी, काय झालं?" अम्मी म्हणाल्या, "उजाला तो बहोत है बेटा, पन हरफां नईं दिखते."

आपांचा चेहरा उतरला. त्याला कारण होतं. अब्बांच्या इंतकालनंतर अम्मींनी लातूरला राहावं, अशी आपांची फार इच्छा होती. हॉलमध्ये खिडकीजवळचा दिवाण त्यांच्यासाठीच टाकला होता. आणि त्या रात्री अम्मी मला म्हणाल्या, "माझी बॅग भरून ठेव. मी तुझ्याबरोबरच परत येते." आपांनी दाराआडून ते ऐकलं.

मी अम्मींची बॅग भरली नाही. बिघडलंय काय, हे मला कळलं होतं. कारण दोन वर्षांपूर्वी हीच चूक मी स्वतःच्या घरी केली होती.

आमची नांदेडची खोली दहा बाय बारा. छताला मधोमध पंखा आणि बाजूला एकच दिव्याचा पॉइंट. मुलीचं अभ्यासाचं टेबल एका कोपऱ्यात, माझं वह्या तपासायचं दुसऱ्या. दिवा कुणाच्या तरी पाठीशी यायचाच. म्हणजे आपलीच सावली आपल्या वहीवर. स्लॅब फोडून नवे पॉइंट काढायचे तर खर्च आणि धूळ. तेव्हा एका ओळखीच्या बाईंनी ट्रॅक लाइट सुचवला. कल्पना सोपी आहे. छतावर एक ॲल्युमिनियमची पट्टी बसवायची. तिच्या आत तांब्याच्या तारा असतात. जुन्या पॉइंटवरून पट्टीच्या एका टोकाला वीज दिली की झालं. मग त्या पट्टीवर हवे तिथं दिवे अडकवा, सरकवा, वळवा. एका पॉइंटवर तीन-चार दिवे, आणि तेही फोडाफोड न करता. दुकानं आणि चित्रांची दालनं यांच्यासाठी ही वस्तू आधी वापरात आली, कारण तिथं सामानाची जागा सारखी बदलते. आपल्याकडे घर तेच राहतं, पण माणसं वाढतात, मुलं मोठी होतात, टेबल हलतं, म्हातारी माणसं येऊन राहतात. म्हणून घरालाही ती सोयीची.

मी एका दुकानातून तीन फुटांची पट्टी आणि तीन दिवे आणले. स्वस्त होते, पांढरेशुभ्र होते. चार दिवसांत मुलीचं डोकं दुखायला लागलं. टेबलावर मध्ये लख्ख गोल, बाजूला अंधार. लिहिताना हाताची काळीकुट्ट सावली. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, वॅट वाढवा." दोष वॅटचा नव्हताच. मी कोन बघितला नव्हता.

प्रत्येक दिव्याच्या खोक्यावर उजेडाचा कोन अंशांत लिहिलेला असतो. आपलं छत दहा फुटांवर आणि टेबल अडीच फुटांवर धरलं, तर मधे साडेसात फूट. तेवढ्या अंतरावर 24 अंशांचा दिवा सुमारे सव्वातीन फुटांचं वर्तुळ उजळतो, 36 अंशांचा सुमारे पाच फुटांचं आणि 60 अंशांचा साडेआठ फुटांहून थोडं मोठं. वॅट तेच असतील, तर 24 अंशांत गोळा झालेला उजेड 60 अंशांत सातपट जागेवर पसरतो आणि तितकाच पातळ होतो. म्हणून फ्रेम किंवा शोकेसला 24, वाचण्या-लिहिण्याला 36 आणि सगळ्या खोलीला 60, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मी दोन दिवे 36 अंशांचे घेतले, एक 60 चा, आणि मुलीची डोकेदुखी गेली.

दुसरी गोष्ट दिशेची. लिहिणारा हात उजवा असेल तर उजेड डाव्या खांद्यावरून यावा. मराठी डावीकडून लिहा की उर्दू उजवीकडून, हाताची सावली टाळायची तर नियम एकच.

हे सगळं आपल्या आजीला न शिकता माहीत होतं. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत भिंतीत दिवळी असायची. आमच्या बोलीत तिला ताक म्हणतात. वर्गात हा शब्द आला की मुलं हसतात, म्हणून सांगते, हे पिण्याचं ताक नव्हे. त्या ताकात चिमणी ठेवली की मागची आणि बाजूची भिंत उजेड अडवायची आणि तो सगळा समोर यायचा. कुरआन शरीफमध्ये सूरह नूरच्या 35 व्या आयतीत 'मिश्कात' हा शब्द येतो, तो याच कोनाड्यासाठी, जो मागून बंद असतो आणि दिव्याचा उजेड वाया जाऊ देत नाही. ट्रॅकवरच्या दिव्याची वाटी तेच काम करते. फरक इतकाच की तिचं तोंड आपण वळवू शकतो. आणि चुकीकडे वळवलं, तर दोष वाटीचा नाही.

आता आपांच्या हॉलकडे येऊ. बारा दिवे होते आणि बाराही भिंतींवर. समोर झगझगीत टाइल्स दिसल्या की डोळ्याची बाहुली आकसते. मग मांडीवरचं पान, ज्यावर थेट उजेड नाही, आणखीच काळवंडतं. तरुण डोळा हे सांभाळून नेतो. पण साठी ओलांडलेल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. त्यात अरबीचे जेर-जबर बारीक. एक जेर इकडचा तिकडे झाला तर अर्थ बदलतो, या भीतीनं अम्मी अंदाजानं वाचतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेन स्विच बंद करून भाच्यानं शिडी लावली. शोकेसवरचे दोन दिवे काढून पट्टीवरून सरकवत दिवाणाकडे आणले. एक अम्मींच्या डाव्या खांद्यामागे, दुसरा थोडा मागे, भिंतीला धरून, म्हणजे सावली मऊ होईल. टाइल्सवरचे चार दिवे काढूनच ठेवले. फ्रेमवरच्या दिव्यांचीही एक गंमत होती. दिवाणावरून बघितलं की आयतुल कुर्सीच्या काचेत फक्त दिवा दिसायचा, अक्षरं नाहीत. काचेच्या फ्रेमवर दिवा सरळ खाली धरलेल्या रेषेपासून साधारण 30 अंश तिरका असावा. दहा फूट छत असेल तर पट्टी भिंतीपासून पावणेतीन फुटांवर येते. आपांची पट्टी त्याहून लांब होती, म्हणून आम्ही एकच दिवा ठेवला आणि तो बाजूनं टाकला. सगळ्या कामाला अर्धा तास लागला. नवा पैसा खर्च झाला नाही. ट्रॅक लाइटचं खरं मोल तिथं कळलं. चुकलं तर दुरुस्त करता येतं.

घेण्याआधी काय बघायचं, ते थोडक्यात. रंगासाठी खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 3000 म्हणजे पिवळसर, 4000 मधला, 6500 निळसर पांढरा. अभ्यास आणि तिलावतीला 4000 चांगला, बसण्याच्या खोलीला 3000. वॅटपेक्षा ल्युमेन बघा, कारण उजेड त्यात मोजतात. चांगल्या दिव्यात एका वॅटमागे 80 ते 100 ल्युमेन मिळतात. सीआरआय नावाचा आकडा 80 च्या वर हवा. घरात शिवणकाम असेल तर 90, नाहीतर गडद हिरवा आणि काळा दोरा एकच दिसतो. भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक तपासा. आपल्याकडे वीज वरखाली होते, म्हणून 100 ते 300 व्होल्ट सोसणारा दिवा घ्या. दुकानात तो पेटवून मोबाइलचा कॅमेरा धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकत असतील तर तो दिवा लुकलुकतोय, डोळ्याला चालणार नाही. शक्यतो बल्ब बदलता येईल असा होल्डरचा दिवा घ्या, म्हणजे बिघडल्यावर फक्त बल्ब बदलेल. पट्टी आणि दिवे एकाच कंपनीचे घ्या, कारण एकाचा दिवा दुसऱ्याच्या पट्टीत बसेलच असं नाही. हल्ली चुंबकानं चिकटणारे 48 व्होल्टचे ट्रॅकही मिळतात. दिसायला सुंदर, पण महाग, आणि त्यांचा ड्रायव्हर छतात दडवला तर बिघडल्यावर छत उघडावं लागतं.

बसवताना सगळ्यांत मोठी अडचण पंख्याची. दिवा पात्यांच्या वर आला की खोलीभर सावल्या फिरतात आणि वाचणाऱ्याला भोवळ येते. साधा 48 इंची पंखा मधल्या बिंदूपासून दोन फूट पसरतो. पट्टी त्याच्या बाहेर ठेवा आणि दिव्याचा झोतही पात्यांना चुकवून जाऊ द्या. पीओपीच्या छतात स्क्रू नुसत्या पीओपीत मारू नका, वरच्या लोखंडी सांगाड्यात मारा. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात वर भट्टी असते आणि उष्णतेनं एलईडीचं आयुष्य घटतं, म्हणून तिथं पट्टी भिंतीवर आडवी लावा.

विजेचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. धातूच्या पट्टीला अर्थिंग हवंच. जुन्या वस्तीतल्या कितीतरी घरांत अजून दोनच तारा आहेत. तिथं आधी अर्थिंग करा, 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवा, मग ट्रॅकचा विचार करा. पट्टीच्या खाचेत 230 व्होल्ट असतात. ईदच्या साफसफाईत जाळी काढताना ओला फडका तिथं फिरवू नका. मेन बंद करून कोरडा ब्रश वापरा. मुलांना पट्टीवर झिरमिळ्या किंवा फुगे टांगू देऊ नका.

लातूरला शिकायला गेलेली आपली मुलं एका खोलीत तिघं-तिघं राहतात. एकानं झोपायचं तर दुसऱ्यानं दिवा बंद करायचा, हे रोजचं भांडण. घरमालकाची परवानगी असेल तर तीन फुटांची पट्टी आणि प्रत्येकाच्या टेबलावर एक दिवा, प्रत्येक दिव्याला स्वतःचं बटण असलेला, एवढ्यावर ते मिटतं.

खर्चाचं म्हणाल तर माझी पट्टी, तीन दिवे आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आसपास गेली. शिवाय पहिले तीन दिवे वाया गेले, ती माझ्या घाईची फी. दहा वॅटचे चार दिवे रोज पाच तास लावले तर महिन्याला सहा युनिट जळतात. बारा लावले तर अठरा. आकडा छोटा वाटतो. पण ज्या दिव्याखाली कुणी बसत नाही, वाचत नाही, जेवत नाही, तो एक युनिट जाळला तरी इस्राफच. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी झोपण्याआधी दिवे विझवायला सांगितलं, कारण उंदीर वात ओढून घर पेटवेल. वात गेली, उंदीरही आता तारा कुरतडतो, पण सांगणं तसंच लागू आहे.

त्या संध्याकाळी मगरिबनंतर अम्मी दिवाणावर बसल्या. आपांनी एकच बटण दाबलं. अम्मींनी पान उघडलं, चष्मा पुसायला हात गेला आणि तसाच थांबला. त्या काही बोलल्या नाहीत, वाचत राहिल्या. आम्ही तिसऱ्या दिवशी नांदेडला परतलो, अम्मी तिथंच राहिल्या. परवा आपांचा फोन होता. अम्मींनी नातीला कायदा शिकवायला घेतलाय, त्याच दिव्याखाली.

आज मगरिबनंतर एवढं करून बघा. तुमच्या घरातलं सर्वांत वयस्कर माणूस जिथं वाचायला बसतं, तिथं स्वतः बसा आणि हातात पान धरा. नवी पट्टी घ्यायची की आहे तोच दिवा वळवायचा, हे तिथं बसल्यावर कळेल.